शेवटच्या पेट्यांतल्या राण्या

१

काडेपेटी उघडी होती आणि तिच्यात पाच राण्या मरून पडल्या होत्या.

दादाने ती टेबलावरून माझ्याकडे सरकवली. त्याचा प्लास्टरमधला पाय स्टुलावर होता आणि चेहरा त्या प्लास्टरपेक्षा पांढरा पडला होता.

"मोज," तो म्हणाला. "आणि मग सांग, मी वेडा झालोय का."

मी चष्मा लावला. विमा कंपनीत असताना मी जळालेली दुकानं पाहिलीत, मुद्दाम बुडवलेल्या होड्या पाहिल्यात. नवऱ्याने गच्चीवरून फेकलेला पियानोही पाहिलाय. तो दावा मी नामंजूर केला, पण नवऱ्याची बाजू मला पटली होती. मेलेल्या मधमाश्यांचा खटला मात्र पहिलाच. पाचही लांब पोटाच्या, पाय आखडलेल्या. प्रत्येकीच्या पाठीवर निळ्या रंगाचा एक ठिपका.

"या कुठे मिळाल्या?"

"धूरकाकांच्या कोटाच्या खिशात," वहिनी म्हणाल्या. "धुवायला घेतला तेव्हा. वन्सं, शपथेवर सांगते, आधी मला वाटलं लवंगाच आहेत."

धूरकाका म्हणजे दादाचा जुना सोबती. दोघांनी तरुणपणी मिळून पहिली पेटी बनवली. तेव्हापासून पेटी उघडायची दादाने आणि माश्या शांत करायला धुराडं धरायचं याने, म्हणून नाव धूरकाका. पेट्यांच्या रांगेच्या शेवटी कुंपणाला लागून त्याची खोली आहे. बायको नाही, पोर नाही. जे काही आहे ते या रांगेत.

"या महिन्यात शेवटच्या पाच पेट्यांतल्या राण्या गेल्या," दादा म्हणाला. "मी जोपासलेल्या वंशाच्या राण्या. इतक्या गरीब स्वभावाच्या माश्या तुला कुठे सापडणार नाहीत. पोरीने नव्या राण्या आणून घातल्या, तर त्याही मेल्या. आणि सापडल्या कुठे? याच्या खिशात! जुन्या कुठे पुरल्यात कोण जाणे."

"तो काय म्हणतो?"

"काही नाही. मान खाली घालून उभा राहिला. निर्दोष माणूस असा उभा राहतो का?"

तसे पुष्कळ राहतात. पण दादा ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता.

"सोमवारी सकाळी गाडी बोलावलीय. त्याचं सामान भरायचं आणि त्याने जायचं. कुठे, ते मला सांगू नका."

हे सांगताना त्याचा आवाज फाटला आणि त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. ती शनिवारची सकाळ होती.

२

मधमाश्यांचं मला काडीचं कळत नाही, म्हणून आधी शिकवणी लावून घेतली. दादा रागात असला तरी माश्यांबद्दल विचारलं की तो बोलतोच.

पेटीत राणी एकच. अंडी घालायचं काम तिचं. पोळ्याची चौकट उचलून बघायची. षट्कोनी घरांच्या तळाशी अंडी उभी दिसली की राणी आहे असं समजायचं. राणी स्वतः सापडली नाही तरी चालतं, अंडी पुरतात. नुसत्या अळ्या दिसल्या आणि अंडी नसली, तर राणी जाऊन चार-पाच दिवस झालेत. मग नवी आणायची आणि छोट्या पिंजऱ्यातून आत ठेवायची. हळूहळू माश्या तिला आपलं म्हणतात.

"आणि जुनी जिवंत असली तर?"

"तर नवीला मारून दारात आणून टाकतात. एका घरात दोघींचा संसार होत नाही."

"आणि हा निळा ठिपका?"

"विकत आणलेल्या राण्यांना असतो, ओळखू याव्यात म्हणून. मी माझ्या राण्यांना कधी रंग फासला नाही. माझ्या मला ओळखू येतात."

"राणी गेलेली पेटी बाहेरून कळते का?"

"कळते की. सैरभैर होतात बिचाऱ्या. आवाज बदलतो. पराग आणायचा उत्साहसुद्धा राहत नाही."

तेवढ्यात माझी भाची आली. तिला सगळे घार म्हणतात. लहानपणी हिने टेकडीपलीकडच्या झाडावर बसलेलं मोहोळ अंगणातून दाखवलं होतं, तेव्हापासून. दादाचा पाय मोडल्यापासून पेट्या तीच उघडते. सगळं नीट पार पडलं तर पेट्या तिच्या नावावर, नाहीतर विकून टाकायच्या, असं दादाने सगळ्यांसमोर जाहीर करून ठेवलंय. पोरीला दुसरं काही करायचंच नाही, हे मला ठाऊक होतं.

"आत्या!" ती गळ्यात पडली. डोळे रडून लाल झाले होते. "काकांनी नाही केलं हे. तू बाबांना सांग ना."

"सांगायला काहीतरी हातात हवं."

तिने नेहमीच्या खोडसाळपणाने माझा चष्मा उचलून नाकावर चढवला आणि सहज आपल्या तळहाताकडे पाहिलं. जरा वेळ बघतच राहिली.

"बाई गं, किती रेषा आहेत!"

"काढ तो. म्हातारीचा चष्मा आहे, डोळे बिघडतील."

हसत तिने तो परत दिला. मीही हसले आणि ती गोष्ट तिथेच विसरून गेले.

३

शेजारचा बागवाला कुंपणापलीकडे शिडीवर चढून फांद्या छाटत होता. शेवटच्या पाचही पेट्या त्याच्या हद्दीला लागून, तेव्हा संशयाचा मान त्याचाही होता.

"फवारणी मी संध्याकाळी करतो, माश्या घरी गेल्यावर," तो न विचारताच सुरू झाला. "तुमच्या भावाला विचारा. आणि औषधाने मेल्या असत्या तर ढीग पडला असता ढीग! औषध काय फक्त राणीला शोधून मारतं?"

मुद्दा बिनतोड होता, फक्त आवाज अंमळ मोठा होता.

"तुमची पोरगी काय चीज आहे हो," तो पुढे म्हणाला. "परवा वरच्या रस्त्यावरून ओरडली, तुमच्या शिडीची पायरी तडकलीय म्हणून. आणि खरंच तडकली होती! मला हाताशी असून दिसली नव्हती."

मी त्याचे आभार मानून धूरकाकाच्या खोलीकडे वळले. तो दारात बसून धुराड्याचा भाता पुसत होता. खोलीत एक ट्रंक बांधून ठेवलेली. निघायची तयारी त्याने आधीच केली होती.

"काका, राण्या तुम्ही मारल्यात?"

"नाही."

"मग खिशात कशा आल्या?"

तो पुसत राहिला.

"पेट्यांच्या दारात पडल्या होत्या. उचलल्या."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"नाही."

"का?"

यावर तो गप्प. मी पुष्कळ गप्प माणसं पाहिलीत. स्वतःला वाचवायला गप्प बसलेला माणूस आपल्याकडे चोरून बघतो, आपल्याला किती कळलंय याचा अंदाज घेतो. हा माझ्याकडे बघतच नव्हता. तो बघत होता रांगेच्या दुसऱ्या टोकाला, जिथे घार अंगणात कपडे वाळत घालत होती.

"तिला सांभाळा," तो म्हणाला. "हाताने जरा घाईची आहे, पण मनाने सोन्यासारखी आहे."

तिथून उठताना माझं लक्ष शेवटच्या पेटीकडे गेलं. माश्या ये-जा करत होत्या. पायांना पिवळा पराग लावून एकामागून एक उतरत होत्या आणि आवाज असा संथ होता की मला डुलकी यावी. राणी गेलेल्या घरात इतकी शांतता?

मी खिशातली काडेपेटी काढून पुन्हा उघडली. पाच राण्या, पाच निळे ठिपके. बिनठिपक्याची एकही नाही.

जुन्या राण्या कुठेही पुरलेल्या नव्हत्या.

४

दादाला मी काही बोलले नाही. अर्धवट सत्य त्याच्या हातात दिलं असतं तर त्याने त्याच सत्याने दुसऱ्या कुणाला तरी झोडपलं असतं, आणि ते कोण याची मला धास्ती वाटायला लागली होती.

जुन्या राण्या जिवंत आहेत, असं धरून चाललं की सगळं जागेवर बसत होतं. माश्या शांत, पराग येतोय, नवीन आलेल्या राणीला मारून दारात टाकलं जातंय. म्हणजे खून माश्यांनी केला होता आणि त्यांच्या दृष्टीने तो घरफोडीचा बंदोबस्त होता. प्रश्न एवढाच, की राणी असताना ‘राणी गेली’ असं सांगितलं कुणी? तर घारीने. पाचही वेळा, फक्त तिनेच.

मला हे अजिबात आवडलं नाही. आवडत्या माणसाविरुद्ध कागद भरायची वेळ नोकरीत कधी आली नव्हती.

दुपारच्या चहाला मी वहिनींना धरलं.

"घार पेट्या कशी बघते? म्हणजे कुठून सुरुवात करते?"

"घराकडून. पहिल्या पेटीपासून क्रमाने, शेवटच्यापर्यंत. रविवारचा सगळा दिवस जातो. आणि मग संध्याकाळी डोकं धरून बसते. पेट्यांचा दिवस म्हणजे डोकेदुखीचा दिवस."

"उन्हाने?"

"मीही तेच म्हणते. पण उन्हात नदीत पोहते तेव्हा नाही दुखत. आणि पुस्तक हातात दिलं की सावलीतसुद्धा दुखतं!" वहिनींनी कपाळाला हात लावला. "लहानपणापासून वाचायचं वावडं. मास्तर म्हणायचे, हुशार आहे पण आळशी. मी किती ओरडले तिला."

घार दारात उभी होती.

"आळशी नाही गं मी," ती म्हणाली. "थोडं वाचलं की अक्षरं पोहायला लागतात. सगळ्यांनाच होत असेल, फक्त बाकीचे चिकाटीचे असतील, असं वाटायचं."

"डोळे तपासले होते का कधी?"

"शाळेत! भिंतीवरचा तक्ता मी सगळा वाचला होता, अगदी खालची बारीक ओळसुद्धा. डॉक्टर म्हणाले, असे डोळे सगळ्यांना मिळोत."

माझा चहाचा कप तसाच हातात राहिला. तळहाताकडे बघत राहिलेली पोरगी मला आठवली.

"घारे," मी म्हटलं, "उद्या पेट्या उलट्या क्रमाने बघायच्या. शेवटच्या आधी, घराजवळच्या सगळ्यात शेवटी."

"का?"

"आत्या सांगते म्हणून."

५

रविवारी आम्ही तिघं निघालो: घार, धुराडं घेतलेला धूरकाका आणि बुरख्याच्या जाळीत गुदमरलेली मी. धूरकाकाला दादाने बंदी केली होती. मी सांगितलं, चौकशी माझी आहे, साक्षीदार मी ठरवणार.

शेवटच्या पेटीवर हलका धूर सोडून घारीने झाकण काढलं. मधली चौकट उचलली, सूर्य पाठीवर घेतला आणि चौकट हात लांब करून धरली. ताठ, पुरता हात लांब. माझ्या वयाचं माणूस औषधाची बाटली वाचताना धरतं तशी.

"आत्या!" ती किंचाळली. "अंडी आहेत! काका, अंडी आहेत हो!"

पाचही पेट्यांत अंडी होती. त्यातल्या एकीत तर राणी स्वतः चौकटीवरून डुलत चालली होती, पाठीवर ठिपका नसलेली, दादाच्या घरची. धूरकाका धुराड्याचा भाता दाबायचं विसरला.

"चल पुढे," मी म्हटलं. "क्रम मोडायचा नाही."

दुपार कलली तसा तिच्या बोलण्यातला उत्साह ओसरला. ती डोळे मिटून उघडायला लागली, कपाळ चोळायला लागली. चौकट कधी लांब, कधी जवळ. शेवटी घराजवळच्या पेटीपाशी, जिथे महिनाभर कधी काही बिघडलं नव्हतं, तिने चौकट पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"आत्या, इथली राणी गेली. नुसत्या अळ्या आहेत. अंडं एकही नाही." तिला रडू फुटलं. "आता इथेही? काका तर सकाळपासून आपल्याबरोबर होते!"

मी बुरख्याखाली चष्मा सारखा केला आणि चौकट हातात घेतली. घराघरात, तळाशी, पांढऱ्या दोऱ्याचा बारीक तुकडा कापून उभा करावा तशी अंडी. चौकटभर.

मी चष्मा काढून तिच्या बुरख्याखाली सरकवला.

"आता बघ."

ती बघत राहिली.

"ही आत्ता कुठून आली?" तिने हळूच विचारलं.

"इथेच होती."

६

दादासमोर मी सगळं मांडलं. ती दर वेळी ताज्या डोळ्यांनी घराकडून सुरुवात करायची, थकत थकत कुंपणाशी पोहोचायची. मोठ्या अळ्या दिसायच्या, बारीक अंडी दिसायची नाहीत. म्हणून राण्या ‘जायच्या’ त्या कायम शेवटच्या पेट्यांतल्या. त्या टोकाला धूरकाकाची खोली होती, हा निव्वळ त्याच्या नशिबाचा फेरा. आज क्रम उलटा केला तर खोटी बातमी तुझ्या उंबऱ्यापाशी आली.

"पण हिचे डोळे..." दादा अडखळला. "अख्ख्या पंचक्रोशीत असे डोळे नाहीत!"

"लांबचं बघायला. जवळचं बघताना ती काय भोगत होती, ते आपल्यापैकी कुणी विचारलं नाही."

घार भिंतीला टेकून उभी होती. "म्हणजे त्या पाचजणी माझ्यामुळे मेल्या," ती म्हणाली. "आणि काकांवर आळ आला तोही माझ्यामुळे."

"पोरी, मला वाटलं, पिंजरा उघडताना तुझ्या हातून चिरडतात," धूरकाका प्रथमच बोलला. "तुझ्या बाबाला कळलं असतं तर त्याने पेट्या विकल्या असत्या. म्हणून उचलून ठेवत गेलो. टाकून द्यायच्या होत्या, पण राण्या त्या. जीव झाला नाही."

दादा आपल्या प्लास्टरकडे बघत होता.

"मला सांगायचं नाहीस?" तो शेवटी म्हणाला.

"तू विचारलंस कुठे? तू गाडी बोलावलीस."

दादाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी आयुष्यात त्याला इतकं रडताना पाहिलं नव्हतं, पाय मोडला तेव्हासुद्धा.

७

सोमवारी गाडी आली. सामान भरायला आलेल्या ड्रायव्हरला वहिनींनी चहा दिला आणि सांगितलं, सामान नाही, माणसं न्यायची आहेत. मागच्या सीटवर घार, तिच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला धूरकाका. आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी घारीच्या डोळ्यांत थेंब घातले आणि आम्हाला बाहेर बसवलं. थोड्या वेळाने घारीने माझा दंड घट्ट धरला.

"आत्या, समोरच्या दुकानाची पाटी दिसत नाहीये. लांबचंही गेलं!"

"गेलं नाही," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "तुमच्या डोळ्याचा गोळा जरा आखूड आहे. त्यामुळे चित्र पडद्यावर नेमकं न पडता त्याच्या मागे जायला बघतं. डोळ्यातलं भिंग फुगून ते पुढे ओढून आणतं. लांबचं बघताना थोडं ओढावं लागतं, जवळचं बघताना खूप. जन्मापासून तुम्ही दोर ओढताय आणि तुम्हाला पत्ता नाही. थेंबांनी मी तो दोर तात्पुरता सोडवला, म्हणून खरा नंबर दिसला."

"पण शाळेत तिने तक्ता वाचला होता की," मी म्हटलं.

"तक्ता लांब असतो आणि वाचायला दोन मिनिटं लागतात. तेवढं तरुण डोळा सहज ओढून नेतो. दिवसभर बारीक काम करायला लावा, मग तो थकतो, डोकं दुखतं, अक्षरं पोहायला लागतात. अशा मुलांना लोक आळशी म्हणतात."

घारीने मान खाली घातली. पुस्तकं मिटून बसलेली ती लहान मुलगी मला दिसली.

"मग ही चाळिशीच की," धूरकाका म्हणाला. "इतक्या लवकर?"

"नाही. चाळिशीत भिंग ताठ होतं, ते वयाचं. हे घडणीतलंच आहे. तुमची मात्र चाळिशीच आहे, काका. चष्मा कधी लावणार?"

"मला धुरात काय बघायचंय," तो पुटपुटला. पण त्यालाही खुर्चीत बसवलंच.

८

चष्मा तयार होऊन आला त्या सकाळी दादाला खुर्चीसकट उचलून आम्ही रांगेच्या टोकाला नेलं. बागवालाही मदतीला आला आणि वाटेत दोनदा सांगून गेला की संशय त्याच्यावर नव्हताच.

घारीने चष्मा लावला होता. त्यातून तिचे डोळे जरा मोठे दिसत होते, आणि त्यावरून वहिनी तिला सकाळपासून चिडवत होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं.

"आत्या, तुला मिशी आहे?"

"चष्मा परत करता येतो का बघ," मी वहिनींना म्हटलं.

डोळ्यांवरून आणि माणसांवरून काहीतरी शहाणपणाचं बोलायचा मोह मला झाला होता, पण दादाने खिशात हात घातला, म्हणून गप्प राहिले. त्याने बाहेर काढली ती तीच काडेपेटी होती. राण्या त्याने स्वतःच्या हाताने पहिल्या पेटीशेजारी पुरल्या होत्या, हे वहिनींनी मला नंतर सांगितलं. काडेपेटी आता नव्या काड्यांनी भरलेली होती.

"चुकलो रे," तो धूरकाकाला म्हणाला. आवाज चिरकला, पण त्याने वाक्य पुरं केलं. "तुला ओळखत असूनही चुकलो. जाऊ नकोस."

धूरकाकाने काडेपेटी घेतली, कानाशी नेऊन हलवून पाहिली. ट्रंक त्याच्या दारात अजून बांधलेलीच होती. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा घारीकडे.

मग खाली बसून त्याने धुराड्यात काडी लावली आणि म्हणाला, "उघड गं पोरी. आणि या खेपेला घाई करू नकोस, सावकाश बघ. मी आहे."